एका टेबलावर एकच पिशवी

२ मार्च

तारीख मिळाली. चोवीस. डॉक्टर माणूस चांगला आहे, पण बोलताना माझ्या गळ्याकडे बघतो, तोंडाकडे नाही. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल म्हणाला. जीव वाचेल, आवाज नाही वाचणार. कुजबुज तरी राहील का, मी विचारलं. कुजबुजही नाही!

जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवली. माझ्या ‘ब्रेक!’ला दचकला नाही असा एक विद्यार्थी दाखवा. समोरचे गाडीवालेसुद्धा ब्रेक दाबायचे. आणि आता म्हणे, आवाज जाणार.

बाहेर आवाजाची बाई भेटली. म्हणजे ऑपरेशननंतर लोकांना बोलण्याचे मार्ग शिकवते ती. तिने एक प्रोग्राम दिला. आपण वाक्यं वाचायची, कॉम्प्युटर आपला आवाज शिकतो, पुढे आपण टाईप केलं की आपल्याच आवाजात बोलून दाखवतो. पण शिकताना तो मधेच सांगतो, हे अक्षर कमी पडतंय, ते परत वाचा. म्हणजे वाचणं, शिकणं, परत वाचणं, सगळं चोवीसच्या आत उरकायला हवं. नंतर वाचणार कोण?

बसमध्ये बायको त्या प्रोग्रामचा कागद परत परत वाचत होती. घरी आल्यावर चपला न काढताच लेकीच्या खोलीत गेली. मला वाटलं, रडायला गेली. जाऊन बघतो तर जुन्या कॉम्प्युटरवरची चादर काढून प्लग शोधत होती.

३ मार्च

प्रोग्राम चालेना. पडद्यावर लाल अक्षरं — तुमचा प्रोसेसर यासाठी अपुरा आहे.

लेकीला फोन लावला. ती दूर असते, पण कॉम्प्युटर तिचाच, कॉलेजातला. म्हणाली, प्रोसेसर म्हणजे त्याचा मेंदू, आणि आपल्या मेंदूचं आता वय झालंय. जबरदस्तीने चालवला तरी बाबांचा आवाज शिकायला महिने लावेल. नवा कॉम्प्युटर पाठवते म्हणाली. हिने साफ नाही म्हणून सांगितलं. आमचं साठवलेलं ऑपरेशनला बाजूला काढलंय आणि लेकीने नुकतंच घर घेतलंय, तिला कशाला ओढायचं?

मग लेक म्हणाली, नुसता प्रोसेसर बदलता येतो. पण वाटेल तो चालत नाही हं आई. ज्या मोठ्या पाटीवर सगळं बसवलेलं असतं, तो मदरबोर्ड, त्याला हा जुळावा लागतो.

‘जुळावा लागतो’ म्हटल्याबरोबर हिने कान टवकारले. हिची सगळी नोकरी सरकारी दवाखान्याच्या ब्लड बँकेत गेली. कुणाचं रक्त कुणाला चालेल ते जुळवायचं, हेच काम. रिटायर झाल्यापासून घरात नुसती डबे पुसत फिरते. मी म्हणालो, अगं, रक्ताचं आणि याचं काय नातं? तर म्हणते,

“अशक्त माणूस आला म्हणून आम्ही माणूस बदलत नव्हतो. जे कमी आहे तेवढंच चढवत होतो.”

मी गप्प बसलो. घसा दुखत होता असं इथे लिहून ठेवतो.

५ मार्च

आज कॉम्प्युटर उघडला. आत एवढी धूळ की मी शिंकून शिंकून बेजार. हिने नाकाला फडकं बांधलं आणि मऊ ब्रशने एकेक कोपरा साफ केला. मला टॉर्च धरायला लावलं.

माळ्यावर मदरबोर्डचं खोकं सापडलं होतं. वर नाव ठळक छापलेलं. मी खूश. झालं काम, हे नाव दुकानदाराला सांगू! हिने खोकं माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवलं. खोक्यावरचं नको, आतल्या वस्तूवरचं वाचा म्हणाली. पिशवीला कुणी चुकीची चिठ्ठी लावली तर रक्त थोडंच बदलतं?

टॉर्च घेऊन मदरबोर्डच्या कडेला शोधलं. मुंगीएवढी अक्षरं. नाव तेच होतं, पण पुढे आणखी एक आकडा होता जो खोक्यावर नव्हता. हिने कंपनीच्या साइटवर शोधलं. एकाच नावाचे दोन मदरबोर्ड निघाले, पहिली आवृत्ती आणि दुसरी! दोघांना चालणाऱ्या प्रोसेसरच्या याद्या वेगवेगळ्या. खोक्यावर विसंबलो असतो तर भलत्याच यादीतला आणून बसवला असता. मी तोंडात बोट घातलं. ती पुढच्या कामाला लागली होती.

काम करायची हिची पद्धत अशी — मी मोठ्याने वाचायचं, तिने लिहायचं. मग तिने लिहिलेलं वाचायचं, मी वस्तूकडे बघून हो म्हणायचं. मग जागा बदलायच्या आणि परत पहिल्यापासून! माझा घसा आधीच फाटलेला. दुसऱ्या फेरीला मी वैतागलो. म्हणालो, कॉम्प्युटर आहे हा, चुकलं तर कुणी मरणार आहे का?

“एकदा वाचलेलं आम्ही धरत नाही,” म्हणाली.

वाचलं परत.

मग एकेक गोष्ट तपासत गेली. हा नवा किती वीज खाणार, ती मदरबोर्डला सोसेल का? तो जेवढा तापेल, तेवढं आताच्या पंख्याला सोसेल का? वीज देणाऱ्या डब्याला पुरेशा तारा आहेत का, आतली मेमरी त्याच्याशी जमवून घेईल का? प्रत्येक वेळी तिचा प्रश्न एकच, सोसेल का. मी इतकी वर्षं गाड्या चालवल्या, पण इंजिनाकडे कधी असं बघितलं नाही. मला वाटायचं, गाडी म्हणजे हुकूम करायची वस्तू.

६ मार्च

क्लासच्या गाडीत ‘ब्रेक’ म्हणायला गेलो, नुसती हवा निघाली. शिकायला येणाऱ्या पोरीने आपणहून ब्रेक दाबला आणि गाडी कशी अलगद थांबली! दोन महिने हीच पोरगी मला डॅशबोर्डवर आपटत होती. मी ओरडत होतो म्हणून येत नव्हतं की काय तिला?

७ मार्च

दुकानात गेलो. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, मानेला कायम पट्टा. वाकून वाकून मान गेली म्हणतो. मला वाटलं, आम्हा म्हाताऱ्यांना नवा कॉम्प्युटर गळ्यात मारणार. त्याने हिचा कागद वाचला, एकदा हिच्याकडे बघितलं आणि स्वतःचं स्टूल तिला दिलं.

एका ऑफिसच्या कॉम्प्युटरमधून काढलेला प्रोसेसर येणार होता, तो हिच्या यादीत बसत होता. दहा तारखेला देतो म्हणाला. पण एक गोष्ट त्याने बजावून सांगितली. मदरबोर्डचा स्वतःचा एक मूळ प्रोग्राम असतो, बायोस. बटण दाबल्यावर कोण आलंय ते तोच ओळखतो. आपला जुना आहे, त्याला हा नवा पाहुणा ओळखताच येणार नाही. तेव्हा बायोस नवा करून घ्या.

हिने ते कागदावर लिहिलं, खाली रेघ मारली, त्याला परत वाचून दाखवलं. मग त्याच्याच भिंगातून दुसऱ्या एका प्रोसेसरच्या खालच्या पिना बघत बसली. शेकडो बारीक सोनेरी पिना, टोकदार, रांगेत. यांना धक्का लागायला नको, दुकानदार म्हणाला. निघताना हिला विचारलं, काकू, तुम्ही पूर्वी काय करत होता? ब्लड बँकेत होते म्हणाली. तो म्हणाला, मग बरोबर! आणि भिंग आम्हाला घरी नेऊ दिलं.

मी चालताना छाती काढून चाललो. केलं काहीच नव्हतं.

१० मार्च

वाट लागली.

सगळं नीट चाललं होतं. नवा प्रोसेसर आणला. खिडकीजवळ टेबल घेतलं, स्पिरिटने पुसलं. अंगातली वीज त्याला लागू नये म्हणून हिने नळाला हात लावला, मग कामाला सुरुवात केली. नवा प्रोसेसर मात्र बाहेरच्या खोलीत कपाटावर ठेवला. का, विचारलं. तर ब्लड बँकेचा नियम — एका टेबलावर एकच पिशवी. दोन पिशव्या शेजारी आल्या की अदलाबदल होते. आधी जुना काढून बाजूला करायचा, टेबल पुसायचं, मगच नवा आणायचा.

प्रोसेसरच्या डोक्यावर तो थंड ठेवणारा पंखा असतो. दोघांच्या मधे लावलेली पेस्ट वाळून दगड झालेली. पंखा निघेना. आणि मी काय करावं? जन्माची सवय! म्हणालो, घाबरू नकोस, ओढ सरळ! हिने ओढला. पंखा निघाला आणि त्याला चिकटून खालचा प्रोसेसरही उपटून आला. तो सोडवून तसाच बाहेर ठेवून दिला. नवा आणला, बसवला, पेस्ट लावली, पंखा लावला. बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा.

परत दाबलं. काळाच.

हिने कागद घेतला. बोट रेघ मारलेल्या ओळीवर थांबलं. बायोस! तो नवा केल्याशिवाय नवा प्रोसेसर ओळखणार नाही. आणि बायोस नवा करायचा तर कॉम्प्युटर चालू हवा, म्हणजे आत जुना प्रोसेसर हवा. जुना काढायच्या आधीच करायचं काम होतं ते. हिला वाटलं होतं, नवा बसवला की मग करू. बरं, जुना परत घालावा म्हणून उलटा केला, तर एका कोपऱ्यातल्या पिना आडव्या झालेल्या. ओढताना वाकल्या.

ही टेबलाशी बसून राहिली. मी इतक्या वर्षांत तिला कामात चुकलेलं पाहिलं नव्हतं.

“नियमच नडला,” म्हणाली. “एका वेळी एकच पिशवी. इथे दोन्ही लागत होत्या.”

मी म्हणालो, ओढ मी म्हणालो होतो, तू नाहीस.

“तुमचं मी कधी ऐकते का? आजच नेमकं ऐकलं!”

हसलो दोघं. चौदा दिवस राहिले आणि घरात दोन प्रोसेसर, एकही चालत नाही.

११ मार्च

दुकानदाराला फोन. तो रागावला नाही. म्हणाला, काकू, हे रोज होतं, माझ्याकडूनही झालंय. वाकलेली पिन सरळ होते, तुटली की संपलं. मी करून देऊ का? हिने थोडा विचार केला. मग म्हणाली, मी वाकवली, मीच बघते. नाही जमलं तर येते.

लेकीच्या ड्रॉवरमध्ये बटण दाबून शिसं पुढे येणारी पेन्सिल सापडली. हिने शिसं काढून टाकलं. पुढची धातूची नळी रिकामी झाली, बरोब्बर पिनेवर बसेल एवढी. ती नळी पिनेवर अलगद घालायची आणि केसाएवढी सरळ करायची. मग भिंगातून बघायचं. परत केसाएवढी. मी टॉर्च आणि भिंग धरलं होतं. हात हलतोय म्हणून दोनदा ओरडा खाल्ला.

एक पिन फार वाकली होती. ही तिच्याजवळ गेली, थांबली, पेन्सिल खाली ठेवली आणि उठून हात धुवून आली. पाणी प्यायली. मला वाटलं, हिंमत गेली. तर म्हणे, घाई झाली की उठायचं, हे मी नव्या मुलींना शिकवायचे. परत बसली आणि पिन सरळ केली.

हिची बोटं सांध्यांत सुजतात हल्ली. सकाळी बरणीचं झाकण माझ्याकडून उघडून घेते. त्याच बोटांनी ती पिना सरळ करत होती आणि बोटं हलत नव्हती. ती श्वास सोडताना नळी फिरवते हे मला आज कळलं. इतकी वर्षं एका छताखाली राहिलो आणि हिचं काम मी आज पहिल्यांदा बघितलं. दवाखान्यात ती काय करते ते मी कधी बघायला गेलोच नव्हतो. डबा विसरली की फाटकावर देऊन यायचो.

शेवटी नवा काढून जुना प्रोसेसर जागेवर ठेवला. दाबावा लागला नाही, आपल्या वजनाने खाली बसला. पंखा लावून बटण दाबलं, पडदा उजळला. जीव भांड्यात पडला.

तिला हे सांगणार नाही, डोक्यावर बसेल. पानाला सांगतो — अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

१२ मार्च

आज बायोस. हे चालू असताना वीज गेली तर मदरबोर्ड कायमचा मुका, दुकानदाराने सांगितलं होतं. मुका हा शब्द हल्ली मला लागतो. इन्व्हर्टर तपासला. मला मेन स्विचपाशी उभं केलं. कुणी हात लावायला येऊ नये म्हणून! घरात आम्ही दोघंच. तरी उभा राहिलो, पहारेकऱ्यासारखा.

निळी पट्टी सरकत होती. ही हात मांडीवर ठेवून बसली होती. पट्टी अर्ध्यावर थांबली तेव्हा मी तिथून विचारलं, काय झालं? आवाजच फुटला नाही. तिने ऐकलं कसं कोण जाणे, न वळता हात वर केला — थांबा. मग पट्टी हलली.

झालं! मग जुना काढायचा. या वेळी हिने आधी कॉम्प्युटर थोडा वेळ चालवला, पेस्ट उबेने मऊ होऊ दिली. बंद केला. पंखा ओढला नाही, डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवला. मी तोंड घट्ट मिटून उभा. नवा बसवला. बटण.

पडद्यावर नव्या प्रोसेसरचं नाव आलं. मला म्हणाली, वाचा. वाचलं. परत वाचा. दुसऱ्यांदा वाचताना आवाज चिरकला. आजाराने की कशाने ते मला विचारू नये.

जुन्या प्रोसेसरला तिने कापसात गुंडाळून डबीत ठेवलं. तो होता म्हणून जमलं म्हणाली.

१४ मार्च

वाचायला सुरुवात केली. सकाळी गरम पाणी प्यायलं की घसा जरा बरा असतो, तेव्हाच वाचतो. लेकीच्या खोलीला चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या आहेत, आवाज घुमू नये म्हणून. आत मी आणि माइक, आणि गोधड्यांना कपाटातला वास.

प्रोग्रामची वाक्यं एकजात मिळमिळीत. आज हवा छान आहे. कृपया दार बंद करा. तुमचा दिवस आनंदात जावो. मी शहाण्या मुलासारखा वाचत होतो. ही दाराशी ऐकत होती. गोधडी बाजूला करून आत आली आणि मला थांबवलं.

“हे असंच वाचलंत तर गोड बोलणारा माणूस तयार होईल. त्याच्याशी मी भांडणार कशी?”

म्हणाली, यात तुमचं काहीच नाही. खेकसणं नाही, ‘अगं ए’ नाही, ते नाकातलं ‘हं’ नाही. प्रोग्राममध्ये आपली वाक्यं घालता येतात, ते तिने रात्रीतच शोधून ठेवलं होतं. आणि घातलीही होती! माझा चष्मा कुणी उचलला? मीठ घालायला विसरलीस का? तुला काही कळत नाही, दे इकडे. सगळी माझी. तोंडपाठ आहेत तिला.

१५ मार्च

आज खेकसलो दिवसभर. ‘ब्रेक!’ला प्रोग्रामने तक्रार केली, माइकपासून लांब बसा म्हणून. ही हसायला लागली ती थांबेचना, डोळ्यांतून पाणी. पदराने डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मी आत गेलो नाही. माइकसमोर बसून राहिलो.

१८ मार्च

कॉम्प्युटर काल सकाळपासून आवाज शिकतोय. ही मधेमधे जाऊन डब्याच्या अंगाला पालथा हात लावून येते, पोराचा ताप बघतात तसा. सोसतंय म्हणाली.

दुपारी पहिल्यांदा बोलला. सर्दी झालेला मी! पण मीच. कुठे काय कमी आहे तेही त्याने सांगितलं. ‘ळ’ कमी पडतोय, आणि प्रश्न विचारतानाचा सूर. हिने बसून वाक्यं केली — वेळ झाली का? किल्ली कुणाजवळ आहे? सगळं काळं कशाने झालं? घसा सोलवटून निघाला तरी वाचली. जुन्या मेंदूवर हा पहिला धडाही या महिन्यात संपला नसता, लेक फोनवर म्हणाली. मग म्हणाली, बाबा, आई ग्रेट आहे की नाही? मी म्हणालो, ठीक आहे. ही समोरच बसली होती ना!

२१ मार्च

पूर्ण झालं. प्रोग्रामने हिरवी खूण दाखवली. हिने तीच वाक्यं परत वाजवून बघायला लावली, अर्थातच.

२३ मार्च

बॅग भरली. उद्या पहाटे निघायचं.

आज संध्याकाळी हिला काहीतरी म्हणायचं असं ठरवलं होतं. मोठं नाही, चारच वाक्यं. पिनांबद्दल, त्या पेन्सिलीबद्दल. मनात तालीमही केली. ही समोर बसून माझ्या बनियनना घड्या घालत होती. तोंड उघडलं आणि म्हणालो, पंखा जरा कमी कर. तिने कमी केला.

उद्या सकाळ आहे अजून.

२९ मार्च

दवाखाना. गळ्यात नळी. पेन धरता येतंय.

सकाळ घाईत गेली. आत नेताना तिने विचारलं, काही हवंय का? मी म्हणालो, नाही. तोच शेवटचा शब्द. एवढ्या बडबड्या माणसाचा!

४ एप्रिल

घरी आलो. डॉक्टर खूश आहेत. सगळं निघालं म्हणतात.

घर फार शांत वाटतं. मीच शांत आहे, घर होतं तसंच आहे. दुपारी लेकीच्या खोलीत गेलो. गोधड्या काढल्या होत्या. बसलो, टाईप केलं — अगं ए, चहा झाला का? आणि कळ दाबली. स्पीकरचा आवाज मोठा ठेवला होता हिने.

स्वयंपाकघरातून लगेच उत्तर, झाला, ओरडता कशाला! मग एकदम सामसूम. कप आणून ठेवला तेव्हा अर्धा चहा बशीत होता. पिनांच्या वेळी हिचा हात हलला नव्हता.

७ एप्रिल

हात बसायला रोज काहीतरी टाईप करा, आवाजाची बाई म्हणाली. करतोय. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत. ही डोकावली की पडदा झाकतो. काय लपवताय, विचारते. बिचारीला वाटतं, माझ्या तक्रारी असतील. दुकानदाराचं भिंग परत करून आली आज. त्याने दुकानात नवीन आलेल्या पोरीला पिना सरळ करायला शिकवाल का म्हणून विचारलं. आठवड्यातून दोनदा जाणार आहे. सांगताना अशी काही उभी होती की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्या. आता तेवढंच येतं.

११ एप्रिल

ही वही, दोन मार्चपासून, सगळी टाईप करून झाली. कळ दाबली. मी मोठ्याने वाचायला लागलो — तारीख मिळाली, चोवीस. ही आत भांडी घासत होती. पिनांपाशी आलो तेव्हा नळ बंद झाला. शेवटपर्यंत वाजू दिलं.

मग ही दारात आली. हात ओलेच.

“एकदा वाचलेलं आम्ही धरत नाही,” म्हणाली आणि समोर खुर्ची ओढून बसली. “पहिल्यापासून लावा.”